गाडीची वर्गणी थांबवा, आधी पाण्याचं बघा

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, काटोल-नरखेड पट्ट्यातलं. नाव छापू नका. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी आमच्या वावरातला कोठा जळाला. एक दुभती गाय आणि तिचं वासरू गेलं, वर्षाचं कुटार (ढोरांचा सुका चारा) गेलं, संत्र्याची एक ओळ होरपळली. बाकीची ढोरं माझ्या मुलाने सोडवली, त्यात त्याचा हात भाजला. सासूबाईंनी टूथपेस्ट लावली, आता फोड आलेत. आग आमच्या चुलत सासऱ्यांच्या धुऱ्यावरून (बांधावरून) आली. ते दरवर्षी धुरा जाळतात. त्या दिवशीही पेटवला आणि जेवायला घरी गेले. अग्निशमनची गाडी सव्वा तासाने आली आणि पांदणीत अडकली. पोरांनी तीन वावरं पाईप ओढत नेला, तोवर काही उरलं नव्हतं.

आता पोरं म्हणतात, वर्गणी करून लिलावातली जुनी अग्निशमन गाडी आणू. साडेतीन लाखांची गोष्ट चालू आहे. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, १ मेच्या ग्रामसभेत मला बोलावं लागेल. दुसरं असं की काही जण सांगतात, पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहून घ्या, घरची गोष्ट घरात राहील आणि महावितरणकडून पैसेही मिळतील. माझे पती चुलत सासऱ्यांविरुद्ध पोलिसांत जायचं म्हणतात. सासूबाई म्हणतात, आपलीच माणसं, गप्प बसा. यंदाचा कापूस भाव नाही म्हणून अजून घरातच पडून आहे, त्यामुळे हातात पैसा नाही. काय करू?

उत्तर:

ताई,

आधी मुलाचा हात. फोड फोडू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आजच्या आज घ्या. बोटं नीट वळत नसतील, जखमेला पू किंवा वास असेल तर वाट न बघता नागपूरला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखवा. आणि घरात सगळ्यांना, सासूबाईंना धरून, सांगून ठेवा: भाजलं की त्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं, घड्याळ बघून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठी, कडं सूज यायच्या आत काढायचं, कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही, स्वच्छ सुती कापड टाकायचं आणि १०८ लावायचा.

आता गाडी. माझं मत सरळ आहे, घेऊ नका. मी अग्निशमनच्या नोकरीत गाड्यांवरच आयुष्य काढलं, तेव्हा गाडीशी माझं काही वाकडं नाही. पोरांची तळमळ खरी आहे, ती वाया जाऊ देऊ नका. पण साडेतीन लाख त्या लोखंडात घालू नका.

सरकारी आणि नगर परिषदांच्या मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवून मिळत नाही. लिलावात स्वस्तात निघते ती बहुधा त्याच वयाची असते. पैसे मोजायच्या आधी पोरांना आरटीओत पाठवा आणि ही गाडी रस्त्यावर काढता येईल का, एवढंच विचारून यायला सांगा. निम्मा वाद तिथेच मिटेल. समजा कागद जमले, तरी अवजड वाहनाचा परवाना असलेला ड्रायव्हर भर दुपारी गावात हजर लागतो, पंप चालवता येणारा माणूस लागतो, विमा लागतो, फिटनेस लागतं. वर्षातून एकदोनदा सुरू होणारं इंजिन उभ्या उभ्या बिघडतं. पहिल्या वर्षी नारळ फुटेल, दुसऱ्या वर्षी टायर बसतील, तिसऱ्या वर्षी तिच्यावर कोंबड्या बसतील.

आणि पाणी? अशा गाडीत साधारण साडेचार-पाच हजार लिटर मावतं. पंप पूर्ण जोरात चालवला तर काही मिनिटांत संपतं. परत भरायची कुठून? पोरं म्हणतील विहिरीतून. तर त्यांना हे समजावून सांगा. काठावर उभा असलेला पंप पाणी वर खेचतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. हिशेबाने दहा मीटरपर्यंत, प्रत्यक्षात सातेक मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट. तुमच्या भागात एप्रिलमध्ये विहिरीला पाणी किती खाली असतं ते तुम्ही रोज बघता. ते चाळीस फुटांवर असेल तर काठावरच्या कुठल्याच अग्निशमन गाडीला ते ओढता येणार नाही, मग ती भंगारातली असो की कोरी करकरीत.

सुक्या कुटाराची आग पहिल्या पाच-दहा मिनिटांत विझली तर विझली. त्यानंतर येणारी गाडी तुमचा कोठा वाचवायला येत नसते, शेजारच्याचा वाचवायला येते. म्हणून गावाने तयारी करायची ती त्या पाच-दहा मिनिटांची. आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान तुमच्या गावात आधीच उभं आहे.

संत्र्याचं गाव म्हटलं की फवारणीचे ब्लोअर आलेच. ट्रॅक्टरवर पाचशे-सहाशे लिटरची टाकी, जास्त दाबाचा एचटीपी पंप, लांब नळी आणि गन. मिनिटाला तीस-चाळीस लिटर पाणी जोराने पडतं, म्हणजे एक टाकी बारा ते वीस मिनिटं पुरते. धुऱ्यावरून सरकणारी गवताची आग, गंजीची पेटलेली कड, छपराचा एक कोपरा, एवढं काम त्यात निघतं. शिवाय ज्या पांदणीत मोठी गाडी अडकली तिथून ट्रॅक्टर रोज जातो-येतो. गावात असे ब्लोअर किती, कोणाकडे, चावी कुठे असते आणि मालक नसला तर चालवणारा कोण, याची यादी करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

एक गोष्ट मात्र प्रत्येक मालकाला निक्षून सांगा. टाकीत औषध असेल तर तो ब्लोअर आगीवर न्यायचा नाही. बरीच कीटकनाशकं ज्या द्रावणात मिसळून येतात ते द्रावण स्वतःच पेटतं, आणि त्याची वाफ विझवणाऱ्याच्याच नाकातोंडात जाते. फेब्रुवारी ते जून या काळात फवारणी आटोपली की टाकी धुवायची, साध्या पाण्याने भरायची आणि तशीच भरलेली ठेवायची. ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर असेल तर त्यालाही हाच नियम. रिकामा टँकर उभा करून ड्रायव्हर घरी गेला, असं उन्हाळ्यात एकही रात्र होऊ देऊ नका.

मोटारपंपावर विसंबू नका. शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी दिवसाच्या पाळीत, कधी रात्रीच्या. रात्रीची पाळी चालू असली तर दुपारी तीन वाजता तुमची पाच एचपीची मोटर ढिम्म हलत नाही. सौर पंप अंधार पडला की थांबतो. आणि पेटलेल्या कोठ्यात वीज असेल किंवा वरून तार गेली असेल तर ती लाइन बंद झाल्याशिवाय पाणी मारायचंच नाही. लाइनमनचा नंबर प्रत्येक मोबाइलमध्ये हवा, तो उचलत नसेल तर महावितरणचा १९१२ नंबर. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) काठी घेऊन स्वतः चढणारा एक शूर प्रत्येक गावात असतो, त्याला आजच आवरा. थोडक्यात, टाकीत आधीपासून भरून ठेवलेलं असेल तेवढंच पाणी आगीच्या वेळी तुमचं.

तालुक्याच्या गाडीसाठी करायचं ते काम छोटं आहे आणि तेच बहुतेक गावं करत नाहीत. गावाच्या उंच पाण्याच्या टाकीखाली, माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर, एक व्हॉल्व्ह काढून त्याला ६३ मिलिमीटरचं कपलिंग बसवून घ्या. अग्निशमनच्या नळ्यांना आपल्याकडे हेच माप चालतं. तरी प्लंबरला बोलावण्याआधी तालुक्याच्या केंद्रात जाऊन त्यांच्या नळीचं तोंड स्वतः बघून या, म्हणजे ऐनवेळी नर-मादीची गफलत होणार नाही. रिकामी झालेली गाडी मग तिथेच भरेल, तालुक्याला परत जाणार नाही. कोणाचं शेततळं रस्त्यालगत असेल तर तेही कामाचं, कारण त्यातलं पाणी जमिनीच्या जवळ असतं आणि गाडीच्या पंपाला ओढता येतं. फक्त त्या प्लॅस्टिकवरून माणूस घसरला की वर येत नाही, म्हणून काठाला दोर बांधलेलं जुनं टायर टाकून ठेवा.

पांदण पायी बघा, मुलाला सोबत घ्या. गाडी नेमकी कुठे अडकली? बहुतेक वेळा एखादं वळण, खाली आलेली बाभळीची फांदी आणि कोणीतरी धुरा सरकवत सरकवत खाल्लेला रस्ता, एवढंच निघतं. गाडी अडीच मीटर रुंद असते, वळणावर तिला चार मीटर मोकळे लागतात. पाण्याने भरली की दहा टनांच्या वर जाते, तेव्हा नाल्यावरच्या पायल्या (रस्त्याखालचे पाईप) तेवढं वजन झेलतील का तेही बघा. रस्ता ज्याने खाल्ला त्याच्याशी आधी बोला. नाहीच ऐकलं तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडवलेली वहिवाट मोकळी करून देण्याचा अधिकार त्यांना आहे.

सव्वा तासाबद्दल एक विचारतो. तो वेळ तुम्ही कुठून मोजला? पोरांच्या मोबाइलमधली त्या दुपारची कॉलची नोंद उघडा आणि आग दिसल्यापासून पहिला फोन लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते बघा. बऱ्याच गावांत पंधरा-वीस मिनिटं इथेच जातात, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल. मग ११२ किंवा १०१ वर बोलणारा धापा टाकत नुसतं गावाचं नाव सांगतो. एका नावाची दोन-तीन गावं आपल्याकडे सर्रास असतात. जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या फाट्यावरून आत यायचं आणि काय पेटलंय, याच क्रमाने सांगायचं. मोबाइलवरून १०१ कुठल्या केंद्रात वाजेल याचा भरवसा नसतो, म्हणून तालुक्याच्या केंद्राचा थेट नंबरही त्याच भिंतीवर लिहा. एक पोरगा मोटारसायकलने फाट्यावर जाऊन उभा राहील आणि गाडीच्या पुढे चालेल. दुसरा देवळाच्या भोंग्यावरून कोणाच्या वावरात आग आहे ते सांगेल. ही दोन नावं आजच ठरवा, आगीच्या दिवशी नको.

कोठ्यांचं म्हणाल तर गंजी आणि कोठा एकमेकांना चिकटून असतो ही आपल्याकडची जुनी खोड. वैरण टाकायला सोपं जातं हे खरं, पण ठिणगी पडली की दोन्ही एकदम जातात. नवा कोठा बांधाल तेव्हा कुटार पन्नास-साठ फूट तरी लांब ठेवा, आणि नेहमीचा वारा कुटाराकडून कोठ्याकडे येणार नाही अशा बाजूला. दाराच्या बाहेरच्या अंगाला एक धारदार विळा कायम टांगलेला असू द्या. साखळीची कडी तापली की हात लावता येत नाही, दावं असेल तर एका झटक्यात कापता येतं. आणि सोडलेलं ढोर घाबरून पुन्हा कोठ्यातच शिरतं. तुमच्या मुलाचा हात त्यातच भाजला असेल तर मला नवल वाटणार नाही. म्हणून एक माणूस सोडायला आणि दुसरा फक्त बाहेर हाकलायला.

पोरांना खरंच काही करायचं असेल तर तालुक्याच्या केंद्रावर एक दिवस न्या. नळी कशी धरायची, वाऱ्याच्या कोणत्या अंगाला उभं राहायचं, हे हातात आल्याशिवाय कळत नाही. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे. परराज्यातले लोक इथे येऊन शिकून जातात आणि तासाभराच्या रस्त्यावरच्या गावात एकाही पोराच्या हाती नळी आलेली नसते, याचं मला कायम वैषम्य वाटत आलं आहे.

वर्गणी जमलीच तर व्हॉल्व्ह, कपलिंग, नळ्या आणि एका डिझेल पंपावर खर्च करा. पावडरचे लाल सिलिंडर दोन-चार घ्यायला हरकत नाही, पण सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाला किंवा बोर्डाला तो चांगला. कुटाराच्या आगीवर त्याचा उपयोग नाही. पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात हे काम घालून घ्या, म्हणजे दरवेळी खिशात हात घालावा लागणार नाही.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात ते. कापूस घरात आहे. सगळ्या पत्रात मला धडकी भरली ती या वाक्याने.

मी अशा खोल्या पुष्कळ पाहिल्यात. पुढच्या खोलीत आढ्याला टेकलेला कापूस, त्याच्या पोटात दबलेला स्विचबोर्ड, बोर्डातून निघालेली चार्जरची वायर कापसावरून वळसे घेत खाटेपर्यंत आलेली, आणि त्या खाटेवर म्हातारं माणूस झोपलेलं. कोपऱ्यात डासांची कॉइल. कापसाची आग कुटारासारखी भडकून दिसत नाही. ती आत शिरते आणि धुमसते. वरून बादलीभर पाणी टाकलं की वरचा थर विझतो, ओला होऊन दबतो, आणि आतला निखारा तसाच चालत राहतो. सहा-आठ तासांनी, सगळे झोपल्यावर, भलत्याच बाजूने पेट घेतो. तोवर खोलीत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो. या विषारी वायूला वास नाही, झोपलेल्याला जाग येत नाही.

अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो कापसाच्याच एका आगीमुळे. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात दारूगोळा होता. पाण्याचा मारा चालू असतानाही गाठी आतून धुमसत राहिल्या, आणि दुपारी चारनंतर जहाज उडालं. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. तुमच्या घरात दारूगोळा नाही, पण भिंतीपलीकडे गॅसचा सिलिंडर आहे.

भावाची वाट बघायची तर बघा, पण त्या खोलीची वीज मेनमधून बंद करून. बोर्डाभोवती हातभर नव्हे, माणूस उभा राहील एवढी जागा रिकामी करा. देवाचा दिवा, उदबत्ती, कॉइल, बिडी, काही त्या खोलीत नाही. कोणी तिथे झोपणार नाही. आणि कधी लागलीच, तर आधी माणसं बाहेर आणि अग्निशमनला फोन. आत शिरायचं नाही. ज्वाळा विझून धूर पूर्ण निघून गेल्यावर तो कापूस अंगणात ओढून पसरायचा, भिजवायचा, पुन्हा उलटायचा, पुन्हा भिजवायचा आणि एक अख्खी रात्र कोणीतरी पहारा द्यायचा. दुसऱ्या दिवशी कोरडा झालेला भाग परत घरात नेणारे पाहिलेत मी. तसं करू नका.

पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहून घेऊ नका. खोटं आहे हे एक कारण. दुसरं असं की ते टिकणार नाही. विजेमुळे लागलेल्या आगीची भरपाई मागितली की विद्युत निरीक्षक तपासणीला येतो, तारा बघतो, जोडण्या बघतो. तुमच्या चुलत सासऱ्यांच्या धुऱ्यापासून कोठ्यापर्यंत जळालेल्या गवताचा काळा पट्टा तर कोणालाही दिसतो. मग पैसे जातील, तलाठी अडचणीत येईल आणि तुमच्या उरलेल्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात त्याला तलाठीच म्हणतात.) ‘शेजारच्या धुऱ्यावरून पसरलेली आग’ असं खरं कारण लिहून घ्या. आपत्ती मदतीच्या निकषांत आग ही आपत्ती धरलेली आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार दुभत्या गायीसाठी ३७,५०० रुपये, वासरासाठी २०,००० आणि घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये बसत होते. तीन हजारांत कोठ्याचे टिनही येत नाहीत हे मला माहीत आहे, पण अर्ज तिन्हींचा करा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा शवविच्छेदनाचा दाखला जोडा. तो घ्यायचा राहिला असेल तर पंचनाम्यात गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आणि पंचांच्या सह्या आहेत का ते तपासा, फोटो काढलेले असतील तर तेही द्या. पीकविम्याची आशा धरू नका, कुटार त्यात येत नाही.

राहिले चुलत सासरे. तुमचे पती रागावलेत ते योग्य आहे. दुभती गाय गेली आणि मुलाचा हात भाजला. पेटता धुरा सोडून जेवायला जाणं ही निष्काळजी आहे, आणि आगीबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेत कलम २८७ आहे. सासूबाईंचं ‘गप्प बसा’ मला पटत नाही. गप्प बसलात तर पुढच्या एप्रिलमध्ये ते पुन्हा धुरा पेटवतील आणि गावातले आणखी दहाजणही. पण तक्रार नोंदवली की वर्षानुवर्षं तारखा चालतात, आणि त्या वर्षांत तुम्हाला त्याच पांदणीतून ये-जा करायची आहे. म्हणून मी असं करीन: घटनेची लेखी खबर पोलीस ठाण्यात देऊन तिची पोच घ्यायची, त्यात जे घडलं तेवढंच. मदतीच्या कागदांनाही ती लागते. मग तंटामुक्ती समितीसमोर, नाहीतर दोघांना मान्य असलेल्या चार माणसांसमोर बसायचं. मागायचं ते स्पष्ट मागा. सरकारी मदत वजा जाता गायीच्या किमतीतला उरलेला फरक, पावसाळा लागून हिरवा चारा येईपर्यंत तुमच्या उरलेल्या ढोरांचं कुटार, होरपळलेली झाडं मेली तर नवी कलमं. कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. यालाही ते तयार झाले नाहीत तर पतींना अडवू नका, तक्रार होऊ द्या.

बसाल तेव्हा धुऱ्याबद्दलही बोला. जाळून गवत जातं, मुळं राहतात, पाऊस पडला की पुन्हा उगवतं. संत्र्याची पाणी शोषणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या फूटभर थरात असतात आणि खोडाची साल पातळ असते, त्यामुळे धुऱ्याकडची ओळ आधी मार खाते. स्वतःच्या बागेचं नुकसान होतं हे त्यांना शेजाऱ्याच्या गायीपेक्षा लवकर पटेल, माणसाचा स्वभाव आहे. धुरे जाळायला पूर्ण बंदी घाला असा ठराव मात्र आणू नका. टाळ्या पडतील आणि कोणी पाळणार नाही. कापता येतं त्याने कापावं. जाळणारच असेल त्याने आदल्या दिवशी शेजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला सांगावं, सकाळी आठच्या आत वारा पडलेला असताना जाळावं, आधी दोन्ही बाजूंनी वखराचे दोन-तीन फेर मारून माती उघडी करावी, भरलेला ब्लोअर उभा ठेवावा आणि शेवटचा धूर थांबेपर्यंत जागेवरून हलू नये. वावर जंगलाला लागून असेल त्याने १५ फेब्रुवारी ते १५ जून काडीच लावू नये. हा वणव्याचा काळ, आणि राखीव जंगलात आग गेली तर वनविभागाचा गुन्हा वेगळा. वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा.

धुरे जाळण्याच्या या नियमांचा ठराव ग्रामसभेत तुम्ही मांडू नका. समेट झाला असेल तर सूचक म्हणून चुलत सासऱ्यांचं नाव घाला आणि अनुमोदन तुम्ही द्या. दरवर्षी धुरा जाळणारे त्यांच्या वयाचे बाकीचे लोक तुमचं किंवा पोरांचं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील. ते सभेत उभं राहायला लाजले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्यांच्या घरी पाठवून लेखी सूचना आणवा आणि सभेत वाचून दाखवा.